खिडकीतली मुलगी हलत नाही

कागद आडवा ठेवा. पेन्सिल अजून उचलू नका. तीन मिनिटांचं एक गाणं आपल्याला हाताने चितारायचं आहे, कागदामागून कागद करत, आणि त्या गाण्यात दोन मुली आहेत. सध्या एवढंच ठरलंय. चाल आहे, शब्द यायचेत. ते उशिरा आले तर बरंच; शब्द आले की चित्रं त्यांची हांजी हांजी करू लागतात.

आधी लहानपणचं एक माणूस आठवा. सात-आठ वर्षांचे असताना ज्याच्याशिवाय तुमची दुपार सुरू होत नव्हती, ते माणूस. घाई नको. नाव चटकन येईल, आडनाव जरा उशिरा. चेहरा आणायला जाल तर बहुतेक यायचा नाही, किंवा येईल तो शाळेच्या ग्रुप फोटोतला, म्हणजे फोटोग्राफरने दिलेला. चेहऱ्याचा नाद सोडा. ते माणूस जिना कसं उतरायचं ते पाहा. दोन-दोन पायऱ्या गाळत? कठड्यावरून घसरत? चपला हातात घेऊन? खालून हाक मारताना मान किती मागे टाकायचं? हे सगळं अजून जागेवर आहे. चेहरा पुसट होतो, चालण्याची ढब टिकते. हाताने चित्रपट करणाऱ्याचा सगळा व्यवहार याच भांडवलावर चालतो. चेहऱ्याच्या जागी दोन ठिपके आणि एक रेघ असली तरी भागतं. जिना उतरायची ढब चुकली तर मात्र ती कुणी तिसरीच मुलगी होते.

त्या ढबीपाशी थोडा वेळ राहा. जिना संपेपर्यंत.

आपल्या दोघी देवनारच्या. देवनार म्हटल्यावर मुंबईकराच्या डोळ्यांपुढे काय येतं ते ठाऊक आहे. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारं डंपिंग, १९७१ सालचा कत्तलखाना, बकरी ईदच्या आधी भरणारा बाजार. बाहेरून आलेला चित्रकार पहिल्याच चौकटीत कचऱ्याचा डोंगर काढतो, वर घारी, खाली एक पोर. हा मोह आवरा. डोंगर खोटा आहे म्हणून नव्हे. तिथे वाढणाऱ्या मुलीच्या डोळ्यांना तो तसा दिसत नाही म्हणून. तिच्या लेखी ती नुसती ‘तिकडची बाजू’ आहे. तिला बकऱ्या दिसतात, ट्रकमधून उतरताना पाय आखडून बसणाऱ्या, आणि त्यातली एक आपली असावी असं वाटतं.

२०१६ च्या जानेवारीअखेर डंपिंगला आग लागली. धूर दिवसेंदिवस हटेना, आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मोठ्यांसाठी ती बातमी होती. सात वर्षांच्या मुलीसाठी गोष्ट निराळी असणार: सुट्टी मिळाली, पण समोरच्या खिडकीतली मैत्रीण दिसत नाही, कारण मध्ये धूर आहे. हा धूर गाण्यात घ्यायचा असेल तर तो काढू नका, खोडून आणा. आधी कोळशाने खिडकी काढा, खिडकीत मुलगी काढा, मग खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याच कागदाचा पुन्हा एक फोटो घ्या. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज असंच करतात. एकाच कागदावर काढायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं. आधीच्या रेषेचा डाग मागे राहतो आणि तो लपवायचा नाही. खोडरबराला तुम्ही कितीही जोर लावा, कागद काही पूर्ण विसरत नाही.

आता खिडक्या. देवनारला लागूनच असलेल्या गोवंडीतलं नटवर पारेख कंपाउंड डोळ्यांपुढे आणा. रस्ते, पूल, रेल्वेरुळांच्या कामांसाठी शहरभरातून हलवलेल्या कुटुंबांच्या या इमारती. सात-आठ मजले, २२५ चौरस फुटांचं घर, आणि इमारत ते इमारत अंतर साधारण तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. इथल्या क्षयरोगाचा आणि घरात न पोचणाऱ्या उजेडाचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिलेला आहे. जुनी आळी उचलली आणि जशीच्या तशी एका मजल्यावर मांडली, असंही दरवेळी झालं नाही. ज्यांच्या दाराला दार होतं ते शेजारी विखुरले. इथे येणाऱ्या बऱ्याच मुलांनी एक मैत्री आधीच कुठेतरी मागे टाकलेली असते.

तीन मीटर. खोलीत पट्टी लावून मोजून पाहा. समोरच्या माणसाने जांभई दिलेली दिसते. हळू बोललं तरी ऐकू येतं. हात मात्र पोचत नाही. आपलं सगळं गाणं या अंतरात बसणार आहे, तेव्हा तिथे जरा रेंगाळा. खाली डोकावा: पाण्याचे पाइप, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणाचा तरी पडलेला चमचा. वर पाहा: आकाशाची एक लांब पट्टी. हीच तुमची पार्श्वभूमी. ती एकदाच काढायची आहे, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवायला हरकत नाही. उजेड वरून खाली येताना प्रत्येक मजल्याला थोडा कमी होतो. तेवढं जमलं तर बाकीचं सामान न काढलं तरी चालेल.

डावा हात मांडीवर ठेवा आणि दादरा धरा. धा धी ना, धा ती ना. मिनिटाला ८० मात्रा, म्हणजे फार संथही नाही आणि उड्या मारणारीही नाही, अशी लय. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. या लयीत एका मात्रेच्या वाट्याला १८ फ्रेम येतात आणि सहा मात्रांचं एक आवर्तन १०८ फ्रेममध्ये पुरं होतं. जपमाळेच्या मण्यांइतक्या. हा निव्वळ योगायोग, पण हात कामाला लागले की तो उपयोगी पडतो. हाताने काम करणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात. म्हणजे आवर्तनाला ५४ चित्रं, तीन मिनिटांत ४० आवर्तनं, एकूण २१६०. आणि हे एका आकृतीचं झालं. आपल्या दोघी आहेत. १९८५ साली आ-हा या नॉर्वेच्या बँडचं पेन्सिल रेखाटनांचं जे गाणं जगभर गाजलं, त्यात सुमारे तीन हजार चित्रं होती आणि ती बऱ्याच अंशी आधी चित्रित केलेल्या माणसांवरून गिरवलेली होती. आपल्याकडे गिरवायला कुणी नाही. जिना उतरायची ती ढब तेवढी आहे.

आकडा पाहून छाती दडपली असेल तर दडपू द्या. मांडीवरचा हात थांबवू नका. तुम्हाला २१६० चित्रं काढायची नाहीतच. पुढचं एक काढायचं आहे.

कागदाला खाली तीन भोकं, ती पेगबारच्या खुंट्यांवर बसवा, खालचा दिवा लावा. लाइटबॉक्सच्या काचेवर कालचं चित्र आजच्या कागदातून दिसतं. पहिल्यांदा दोन टोकं काढायची, की-चित्रं: हात खाली आहे, हात वर आहे. मग मधली. स्टुडिओत ‘इन-बिटवीन’ करणारी माणसं वेगळी असत, आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत शेवटी येत, आली तर. कॅनडाचे नॉर्मन मॅकलारेन यांचा तर सिद्धान्तच होता की चौकटीवर काय आहे यापेक्षा एका चौकटीच्या आणि पुढच्या चौकटीच्या मध्ये काय होतं ते जास्त महत्त्वाचं. आपल्याला हे पटकन पटायला हवं. आपल्या दोघींचं सगळं काही मधल्या तीन मीटरांतच होतं.

त्यांना खेळायला द्या. टाळ्यांचा खेळ, मुली एकमेकींच्या तळव्यांवर तळवे मारत खेळतात तो. पण इथे त्या आपापल्या खिडकीत आहेत. एकीचे कोपर गजांना लागतायत, दुसरी बादलीवर उभी आहे म्हणून दिसते. पहिल्या मात्रेला दोघी स्वतःची टाळी वाजवतात. चौथ्या मात्रेला दोघी तळवे पुढे करतात, एकमेकींच्या दिशेने, आणि ते हवेत थांबतात. दादऱ्याची चौथी मात्रा खालीची असते. ताल हातावर धरताना तिथे कुणी टाळी देत नाही, हात नुसता उघडतो. मोजणीत मात्र तिला धरावंच लागतं. ती गाळली तर पुढची सम येत नाही. या मुलींना हे कुणी शिकवलेलं नाही आणि गाण्यात ते कुणी सांगायचंही नाही.

कारागिरीची एक गोष्ट इथे लागते. टाळीचं चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी लावायचं. बरोबर आवाजावर लावलं तर डोळ्याला टाळी मागे पडल्यासारखी वाटते. पहिल्या मात्रेचं काम त्यामुळे सोपं आहे. चौथीला आवाजच नाही, तेव्हा तिथे कशाच्या आधी लावणार? माझं ऐकाल तर पुढे केलेले तळवे तिथे दोन फ्रेम जास्त राहू द्या. कुणाच्या लक्षात येणार नाही. दोघी जराशा वाट पाहतायत असं मात्र वाटेल.

त्या खेळाची काही आवर्तनं मनातच चालू द्या. मी तोवर थोडं विषयांतर करतो.

आपल्याकडे मुलांचं चित्रगीत म्हटलं की एकाच फिल्मचं नाव निघतं: १९७४ ची ‘एक, अनेक और एकता’. विजया मुळे यांची कल्पना, भीमसेन यांची चित्रं, कोकणातून आलेल्या वसंत देसाईंचं संगीत, आणि अगदी लहान वयाच्या साधना घाणेकरचा आवाज, जी पुढे साधना सरगम झाली. दूरदर्शनवर ती इतक्यांदा लागली की दोन पिढ्यांना पाठ आहे. चिमण्या मिळून जाळं उचलून नेतात तो भाग आजही पाहण्याजोगा आहे: मोजक्या रेषा, मोजकी हालचाल, आणि तरी जाळ्याचं वजन कळतं. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बघा, आपली मुलांची गाणी बहुधा अशीच भरल्या अंगणाची असतात. एकट्या मुलाच्या वाट्याला अंगाई येते, तीही त्याने झोपावं म्हणून. जागं असलेलं, कुणाची तरी वाट पाहणारं, कंटाळलेलं, बाकी धडधाकट मूल गाण्यात फारसं सापडत नाही.

चित्रपटात ते थोडंफार सापडतं. नीना सबनानी यांनी ‘मुकंद अँड रियाझ’मध्ये फाळणीच्या वेळचे कराचीतले दोन दोस्त दाखवले, वडिलांच्या आठवणींवरून; कापडाचे तुकडे जोडून केलेल्या सिंधी कामाच्या धाटणीने. ज्या मैत्रीच्या दोन चिंध्या झाल्या तिला ठिगळांचं काम शोभलं. आणि आपल्या मुंबईच्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांची २००६ ची ‘प्रिंटेड रेनबो’. पंधरा मिनिटं, एक म्हातारी बाई, तिची मांजर, आणि काड्यापेट्यांवरची चित्रं. बाईचं घर करडं, काड्यापेटीतलं जग रंगीत. ही फिल्म कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये गेली आणि तिथे गाजली. रावबाईंनी ती जवळजवळ एकहाती, चौकटीमागून चौकट रंगवून केली. एकटेपणावरची फिल्म एकटीने बसून करायची, यात करणाऱ्याचं काय होत असेल, हा विचार मी बाजूला सारू शकत नाही. कारण आता तुमच्यावर तीच वेळ येणार आहे.

खेळ चालू आहे ना अजून? आता मैत्रिणीला घेऊन जा.

टेम्पो दाखवू नका. निरोपाचा हात दाखवू नका. तिचं जाणं तुमच्या मुलीला कसं कळलं असेल ते पाहा: समोरच्या खिडकीतल्या दोरीवरचे कपडे बदलले. काल तिथे शाळेचा फ्रॉक होता, त्याची बटणं मागून तुटलेली आणि सेफ्टी पिन लावलेली. आज मोठ्या माणसाचा शर्ट आहे. दोन क्लिपा त्याच आहेत, एक निळी आणि एक जिचं तोंड नीट मिटत नाही अशी गुलाबी. जाणारे लोक दोरी आणि क्लिपा सोडून जातात. हे चित्र साध्या पेन्सिलीने काढा, फक्त क्लिपांना रंग द्या. शर्ट वाऱ्याने हलवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझा हात असता तर हलवला असता. तिथे नवीन कुणी राहतंय, त्याचंही एक आयुष्य आहे, आणि त्याने आपल्या मुलीचं काही वाईट केलेलं नाही.

मुलगी आता खिडकीत नुसती उभी आहे. या गाण्याचं सगळ्यात कठीण काम हे. ती हलत नाही.

हिशेबी माणूस म्हणेल, मग सोपंच झालं, एकच चित्र काढा आणि दहा सेकंद ठेवा. करून पाहा. शेजारची सगळी चित्रं हाताची, जिवंत, आणि मध्येच हे एक गोठलेलं. पडद्यावर मुलगी थांबली असं वाटत नाही. यंत्र बंद पडलं असं वाटतं. म्हणून हातवाले एक युक्ती करतात. तेच चित्र दिव्यावर ठेवून पुन्हा काढायचं. आणि पुन्हा. तीन कागद, तिन्हींवर तीच मुलगी, तीच हनुवटी, तेच गजांना धरलेले हात. ते तीन कागद आलटून पालटून दाखवायचे. तुमचा हात कितीही सरावाचा असला तरी रेषा केसभर सरकते, आणि त्या सरकण्यामुळे न हलणारी मुलगी श्वास घेऊ लागते.

हे सावकाश करा. पहिला कागद काढून झाला, आता दुसरा त्याच्यावर ठेवा. तुम्हाला काही नवीन काढायचं नाही. हनुवटी आहे तिथेच आहे. कान आहे तिथेच आहे. तरी नजर पुन्हा एकदा प्रत्येक रेषेवरून न्यावी लागते. कानामागे एक बट सुटलेली आहे, ती पहिल्या खेपेला तुम्ही सवयीने काढली होती. दुसऱ्या खेपेला ती दिसते. तिसऱ्या खेपेला कळतं की डाव्या हाताची पकड उजव्यापेक्षा घट्ट आहे, म्हणजे ती बादलीवर चवड्यांवर उभी असणार. बादली? बादली तर समोरच्या मैत्रिणीची होती. मग हिने आता बादली का घेतली? तुम्ही काढल्याशिवाय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही तिच्यासाठी काही करू शकत नाही. मैत्रीण परत आणणं तुमच्या हातात असलं तरी ते या गाण्यात खोटं ठरेल. तिच्याकडे पुन्हा एकदा पाहणं तेवढं करता येतं. रेषेची थरथर प्रेक्षकाला दिसते तेव्हा त्याला प्रत्यक्षात हेच दिसत असतं: कुणीतरी इथे तीनदा येऊन बसलं होतं.

देवनारमध्येच, सायन-ट्रॉम्बे रस्त्याला लागून, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं आवार आहे. संस्था १९३६ ची, या जागेत १९५४ पासून. १९९६ साली तिथल्या प्राध्यापक जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने रस्त्यावरच्या मुलांसाठी फोनची एक सोय सुरू झाली. चाइल्डलाइन. नंबर १०९८. दस-नौ-आठ, उलटी मोजणी, लिहितावाचता न येणाऱ्या मुलालाही लक्षात राहावी अशी. पुढे ती देशभर पसरली. तिच्या नोंदींत एक वर्ग मुक्या फोनांचा असे. मूल फोन लावतं आणि बोलत नाही.

अशा एका फोनपाशी मनाने जाऊन बसा. पलीकडून रस्त्याचा आवाज येतोय, रिक्षाचा हॉर्न, कुठेतरी लाउडस्पीकर. श्वास ऐकू येतोय की नाही ते नक्की सांगता येत नाही. तुम्ही नाव विचारलं, उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, मी इथेच आहे. उत्तर नाही. रिसीव्हर ठेवला तर कुणी दोष देणार नाही. खोडसाळपणे फोन करणारेही असतातच. पण पलीकडे ज्या मुलाने उलटी मोजणी करून तीन आकडे म्हटले आणि मग जे गप्प राहिलं, त्याला कदाचित एवढंच पाहायचं असेल की उचलणारं कुणी किती वेळ थांबतं. मिनिट जातं. अर्धं मिनिट आणखी. याला काम म्हणायचं की नाही, याचा निकाल कुठल्या तक्त्यात लागत असेल ते असो. खिडकीतल्या मुलीचा तिसरा कागद काढताना तुम्ही नेमकं हेच काम करत होता.

आता दादरा परत धरा. मुलगी खिडकीत आहे. पहिल्या मात्रेला तिने टाळी वाजवायची का? चौथ्या मात्रेला तळवे पुढे करायचे का? दोन्ही काढून पाहा, पेन्सिल टेस्ट करा, कागद बोटांत धरून फ्लिप करा. टाळी दिली तर ती एकटी खेळणारी मुलगी होते, थोडी वेडी, थोडी शूर. टाळी न देता फक्त चौथ्या मात्रेला तळवे उघडले तर तालाचा निम्मा भाग ती पाळते, आणि उरलेला निम्मा ऐकणाऱ्याला आपल्या मनात वाजवावा लागतो. मला दुसरं पसंत आहे. तुम्हाला पहिलं पटलं तर माझं ऐकू नका. ढब तुमच्या माणसाची आहे.

फिल्म रंगवण्याआधी, नुसत्या पेन्सिलीत असतानाच, ती मुलांना दाखवा. २०२३ च्या फेब्रुवारीत नटवर पारेखमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, तेव्हा तिथल्याच पोरांनी फिल्म केल्या, रॅप केलं, कागदी कंदिलांची मिरवणूक काढली. तिथे ‘किताब महल’ नावाचं मुलांचं वाचनालय आहे. अशा खोलीत भिंतीवर चादर लावून दाखवा. मोठी माणसं चित्रांचं कौतुक करतील, ते फार मनावर घेऊ नका. मुलं सरळ विचारतील, ती कुठे गेली? गाण्यात उत्तर नसलं तरी तुमच्याकडे हवं, आणि ते लगेच देता यायला हवं. ‘दूर गेली’ म्हणालात तर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. भाड्याचं घर होतं, अकरा महिन्यांचा करार संपला, मुंब्र्याला गेली, असं सांगा. पुढचा प्रश्न येईलच की तिकडून इकडे यायचं कसं. तेही आधी पाहून ठेवा. मुंब्र्याहून स्लो गाडीने कुर्ला. तिथे पूल चढून हार्बरची गाडी. मग टिळकनगर, चेंबूर, गोवंडी.